चार आठवड्यांवर आलेलं लग्न थांबवायला लावणाऱ्या वकील मॅडम: पुण्यातल्या एका ऑफिसचा माझा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण आधी सांगते की ह्या ऑफिसमुळं माझं आयुष्य वाचलंय आणि हे मी उगाच मोठं करून बोलत नाहीये. मला व्हिसा लागून दोन महिने झाले, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, आज दिवाळीची सुट्टी लागली म्हणून बसले. मोठं होणार आहे. ज्यांचं दुसरेपणाचं लग्न आहे आणि नवरा किंवा बायको परदेशात आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मी कराडची. शाळेत शिकवते. पहिलं लग्न २०१४ ला झालं, आम्ही हडपसरला राहायचो, दोन वर्षं कशीबशी काढली आणि २०१६ च्या गणपतीत मी माहेरी आले ती परत गेलेच नाही. काय झालं ते इथं लिहायची गरज नाही. २०१७ ला दोन्हीकडची माणसं बसली, गावातले चार पंच, माझे आण्णा, मामा, तिकडचे चुलते, आणि १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली. भांडी, सोनं ज्याचं त्याला, मंगळसूत्र परत, खाली लिहिलेलं की 'यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही व दोघेही दुसरा विवाह करण्यास मोकळे आहोत'. दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, तालुक्याला नोटरीचा गोल लाल शिक्का. आण्णांनी तो कागद लॅमिनेट करून कपाटात ठेवला होता. आमच्या घरात सगळ्यांचा पक्का समज होता की घटस्फोट झाला. माझाही. पाच वर्षांत कुणी एकानंही सांगितलं नाही की कोर्टात जायला लागतं, आणि त्यात शिकलेली माणसंपण होती, मी स्वतः बीएड आहे.

मग २०२२ ला आत्याच्या ओळखीतून स्थळ आलं. हे न्यू जर्सीला असतात, मूळचे सांगलीचे, तिथले सिटिझन झालेत, त्यांचाही एक घटस्फोट झालेला. फोनवर बोलणं झालं, ऑगस्टमध्ये येऊन भेटले, सप्टेंबरमध्ये साखरपुडा, १८ डिसेंबरचं कार्यालय बुक. यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं की तुझे डायव्होर्सचे पेपर्स आहेत ना, मी म्हटलं आहेत, आणि मला खरंच वाटत होतं की आहेत.

व्हिसाचं काम कुणाला तरी द्यायचं म्हणून नात्यातल्या एकानं एका कन्सल्टंटचं नाव सुचवलं. नाव घेत नाही. २५ हजार ॲडव्हान्स घेतला. फारकतीचा कागद बघून म्हणाला, मॅडम हे दाखवूच नका, लग्नाच्या नोंदणीच्या फॉर्मवर 'अविवाहित' लिहा, पहिलं लग्न रजिस्टर नाहीये ना, मग कुणाला कळतंय, तिकडच्या फॉर्ममध्येपण फर्स्ट मॅरेज टाकू. इतकं सहज बोलला की जणू रेशन कार्डावर नाव घालायचंय. त्या रात्री मला झोप लागली नाही. यांना फोन केला तर हे म्हणाले, खोटं एक अक्षर लिहायचं नाही, तू आधी चांगला वकील बघ. शाळेतल्या एका बाईंच्या बहिणीची केस ह्या मॅडमकडं होती, तिच्याकडून नंबर मिळाला.

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. आण्णा आणि मी सकाळच्या एसटीनं आलो, शिवाजीनगरला ऑफिस शोधेपर्यंत बारा वाजले, आणि आमचा नंबर लागला अडीचला. मॅडमनी लॅमिनेट केलेला कागद हातात घेतला, दोन्ही बाजू वाचल्या, एकदा नाही दोनदा, मग चष्मा काढून आण्णांना विचारलं, "काका, ह्याच्याशिवाय काही? कोर्टाची डिक्री, घटस्फोटाचा हुकूम?" आण्णा म्हणाले, "हेच की. नोटरी केलंय." मॅडम जरा वेळ गप्प बसल्या, मग मला म्हणाल्या, "बाळा, कायद्यानं तू अजून त्यांची बायको आहेस."

आण्णांचा चेहरा आठवला की आजही पोटात कालवतं. ते काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली. मॅडमनी पोराला चहा सांगितला आणि पुढचा तासभर, खरंच तासभर, बाहेर माणसं ताटकळत असताना, आम्हाला एकेक गोष्ट समजावून सांगितली. मी वहीत लिहून घेतलं होतं त्यातलं थोडं इथं देते, कारण त्या दिवशी कळलं की माझ्यासारखे कितीतरी लोक आहेत.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ५ ची पहिलीच अट आहे की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा, म्हणजे कायद्यानं चालू असलेलं लग्न नसावं. असेल तर कलम ११ प्रमाणे दुसरं लग्न शून्य, ते झालंच नाही असं धरतात, आणि वर गुन्हा वेगळा, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याला. पूर्वी ते आयपीसीचं कलम ४९४ होतं, आता न्याय संहितेत ८२ आहे. नोटरीला घटस्फोट द्यायचा अधिकारच नाही. त्यानं फक्त एवढंच पाहिलं की सही करणारी माणसं समोर होती. मला नंतर वाचायला मिळालं की केंद्राच्या विधी खात्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना लेखी बजावलंयसुद्धा की लग्नाचे नि घटस्फोटाचे दस्त करून देणं हे तुमचं काम नाही. आमच्या वेळी हे कुणी बजावलं असतं तर काय पाहिजे होतं.

आण्णांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला आणि तो बरोबर होता. म्हणाले, मॅडम आमच्यात पूर्वीपासून काडीमोड होतो, माझ्या आत्याचा झाला, तिचा परत पाट लावला, कोण कोर्टात गेलं होतं? मॅडम हसल्या नाहीत की झिडकारलं नाही. त्या म्हणाल्या, काका तुम्ही म्हणताय ते कायद्यातपण आहे, कलम २९ मध्ये रूढीप्रमाणे होणारा काडीमोड राखून ठेवलाय, पण ती रूढी तुमच्या जातीत पूर्वापार, न खंडता चालत आलीय हे कोर्टापुढं पुराव्यानिशी सिद्ध करायला लागतं, साक्षीदार उभे करायला लागतात, नुसत्या कागदावर 'रूढीप्रमाणे' असं लिहून ती सिद्ध होत नाही. आणि ते करून दिवाणी कोर्टाकडून तसं जाहीर करून घ्यायचं म्हटलं तर किती वर्षं जातील सांगता येत नाही. त्यापेक्षा समोरचा तयार असेल तर सरळ परस्पर संमतीचा घटस्फोट घ्या.

मग मी म्हटलं, मॅडम कार्यालय बुक आहे, पत्रिका छापायला दिल्यात, १८ ला लग्न करून घेतो आणि मग डिक्री काढतो, चालेल का? त्यावर त्या जे बोलल्या तेच मला ह्या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणाल्या, मागून डिक्री आणलीस तरी आधी लागलेलं लग्न उभं राहत नाही, ते जन्मतःच मेलेलं असतं. अमेरिकेचा अधिकारी दोन तारखा शेजारीशेजारी ठेवतो, पहिलं लग्न संपल्याची आणि दुसरं लागल्याची. पहिली तारीख आधी पाहिजे. एक दिवसानं जरी उलटं झालं तरी अर्ज नामंजूर, आणि परत पहिल्यापासून, परत लग्न, परत अर्ज. आणि त्या कन्सल्टंटनं सांगितलेलं 'अविवाहित' लिहिशील तर याहून वाईट, कारण खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला असं ठरलं की तो डाग कायमचा लागतो. आय-१३० म्हणजे नवऱ्यानं तिकडून टाकायचा अर्ज, त्यात किती वेळा लग्न झालं ते विचारतात, आधीच्या जोडीदाराचं नाव नि लग्न कधी संपलं ते विचारतात, पुढं डीएस-२६० ह्या तुझ्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये परत तेच विचारतात, आणि मुलाखतीत शपथ घेऊन परत. तीन ठिकाणी खोटं सांभाळत बसणार का?

शेवटी म्हणाल्या, तुम्ही १८ ला लग्न करणार असाल तर मी तुमचं काम घेणार नाही. त्या दिवशी फी १५०० घेतली, बस.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, करून टाका, बघू नंतर. चार पैसे जास्तच मिळाले असते त्यांना. म्हणून हे साडेचार स्टार.

परतीच्या एसटीत आण्णा खिडकीबाहेर बघत होते. शिरवळ गेल्यावर म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे." मी म्हटलं नाही आण्णा. घरी येऊन यांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं संपलं सगळं. हे म्हणाले, एक वर्ष पुढं ढकलू, मी कुठं पळून चाललोय. कार्यालयवाल्यांनी निम्मे पैसे परत दिले. कन्सल्टंटनं एक रुपया दिला नाही. भावकीत दहा तोंडांनी दहा गोष्टी झाल्या, त्या सोडा.

आता पहिल्या नवऱ्याला तयार करायचं होतं आणि मला तेच अवघड वाटत होतं. त्यांनी त्याच फारकतीच्या कागदावर २०१९ ला दुसरं लग्न केलेलं, एक मुलगी आहे तीन वर्षांची. मॅडमनी त्यांना नोटीस पाठवली नाही. फोन केला आणि ऑफिसला बोलावून घेतलं, म्हणाल्या नोटीस गेली की माणूस वकील करतो आणि वकील केला की भांडण होतं. त्यांनापण तेवढ्याच शांतपणे सांगितलं की तुमचं दुसरं लग्नही कायद्यानं टिकत नाही, मुलीची काळजी करू नका, कलम १६ प्रमाणे ती औरसच धरली जाते, पण तुमच्या बायकोला उद्या काही हक्क मागायचा झाला तर अडचण येईल, तेव्हा ही डिक्री तुम्हालाही तेवढीच पाहिजे. तो माणूस रडायच्या घाईला आलेला. मला त्याच्याबद्दल सहा वर्षांत पहिल्यांदा वाईट वाटलं, कारण तोही माझ्यासारखाच त्या कागदावर विश्वास ठेवून बसला होता. सही करायला लगेच तयार झाला.

जानेवारी २०२३ ला पुण्याच्या फॅमिली कोर्टात अर्ज टाकला. कलम १३ ब, म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आमची सहाच्या वर झालेली. एरवी पहिल्या तारखेनंतर सहा महिने थांबवतात, मन बदलतंय का बघायला, आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा हजर राहून पक्कं करायला लागतं. पण २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर ह्या केसमध्ये सांगितलंय की हे सहा महिने म्हणजे दगडावरची रेघ नाही, दीड वर्षाच्या वर वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न करून झाले असतील, पोटगी, मुलं, सामान ह्याचं काही शिल्लक नसेल, तर न्यायाधीश ते माफ करू शकतात. मॅडमनी तसा वेगळा अर्ज दिला. समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बसवून विचारलं. जजसाहेबांनी मला विचारलं की कुणाचा दबाव आहे का, मी म्हटलं नाही. मार्चच्या मध्याला डिक्री झाली. आत गेलो आणि दहा मिनिटांत बाहेर आलो, आणि मी जिन्यात बसून रडले. कशासाठी ते आजही नीट सांगता येणार नाही.

अर्ज लिहिताना मॅडमनी एक गोष्ट केली तिची किंमत मला दोन वर्षांनी कळली. माझ्या आधारवर सासरचं नाव, पॅन आणि सर्टिफिकेटांवर माहेरचं, पासपोर्ट २०१५ ला काढलेला त्यावर सासरचं नाव आणि जोडीदार म्हणून पहिल्या नवऱ्याचं नाव. मॅडमनी अर्जाच्या मथळ्यातच दोन्ही नावं 'उर्फ' घालून टाकली, त्यामुळं डिक्रीवर दोन्ही आली. पुढं पासपोर्टवरचं पहिल्या नवऱ्याचं नाव काढायला ही डिक्रीच दाखवली, आणि दुसऱ्या लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव आलं तरी ही बाई तीच हे सांगायला वेगळं ॲफिडेव्हिट करत बसायला लागलं नाही. ज्यांची केस अजून चालू आहे त्यांनी तुमच्या वकिलांना आजच हे सांगा, निकाल लागल्यावर नाव घालून घेणं म्हणजे परत तारखा.

डिक्री मिळाली तर मला वाटलं झालं, मे महिन्यात उरकून टाकू. मॅडम म्हणाल्या तीन महिने थांब. कलम १५ असं आहे की अपिलाची मुदत गेल्याशिवाय परत लग्न करायचं नाही, आणि ती मुदत ९० दिवसांची. एकतर्फी किंवा भांडून मिळालेल्या डिक्रीला तर हे पाळायलाच पाहिजे. संमतीच्या डिक्रीवर फॅमिली कोर्ट कायद्यात अपीलच नाही, त्यामुळं माझ्या केसमध्ये थांबायची सक्ती नव्हती हे त्यांनी स्वतःच सांगितलं, पण म्हणाल्या इतकी वर्षं गेली तिथं तीन महिन्यांनी काय होतंय, उद्या कुणी प्रश्न विचारायला जागाच नको. यांना रजा तशीही डिसेंबरलाच मिळणार होती, थांबलो.

आणि तेवढ्यात त्यांनी यांची डिक्री मागवली! मला तर सुचलंच नव्हतं. यांचं पहिलं लग्न २००९ ला सांगलीला झालेलं आणि घटस्फोट न्यू जर्सीच्या कोर्टात. मॅडमचा पहिला प्रश्न, त्या बाई तिथं स्वतः हजर होत्या का, त्यांचा वकील होता का, की निकाल एकतर्फी झाला? कारण इथं हिंदू पद्धतीनं लागलेलं लग्न परदेशातल्या कोर्टानं मोडलं आणि समोरच्यानं त्या कोर्टाला मानलंच नसेल तर आपल्याकडं ती डिक्री चालत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा निकाल त्यावरचाच आहे. नवरा तिकडं गुपचूप घटस्फोट घेऊन इकडं येऊन दुसरी करतो, ह्यातून बायकांना वाचवायला तो निकाल आहे असं त्यांनी सांगितलं. यांच्या केसमध्ये दोघांचे वकील होते, दोघांनी समझोत्यावर सह्या केलेल्या, प्रश्न आला नाही. पण यांच्याकडं साधी झेरॉक्स होती, ती चालणार नाही म्हणाल्या, मग यांनी कोर्टाकडून सोनेरी शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी मागवली. दोघांचीही आधीची लग्नं संपल्याचे कागद लागतात, फक्त बायकोचे नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टनं केलं कारण हे परदेशी नागरिक. नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. नोटिशीच्या फॉर्ममध्ये रकाना असतोच, अविवाहित, विधवा की घटस्फोटित. मी स्वच्छ अक्षरात 'घटस्फोटित' लिहिलं आणि डिक्री जोडली. १३ डिसेंबर २०२३ ला सह्या झाल्या आणि संध्याकाळी दारातच मांडव घालून अंतरपाट धरला. आण्णा दिवसभर डिक्रीची नक्कल खिशात घेऊन फिरत होते.

आता व्हिसाचं. मॅडमनी इथं साफ सांगितलं की अमेरिकेचा अर्ज भरून देणं हे माझं काम नाही, मी तिथली वकील नाही, यांना तिकडचा परवाना असलेला वकीलच बघू द्या, मी इथले कागद सरळ करून देईन. किती लोक असं सांगतात? बोर्डावर 'व्हिसा' लिहिलेलं प्रत्येक दुकान सगळं करून देतो म्हणतं. जानेवारी २०२४ ला यांनी आय-१३० टाकला, तेव्हा फी ५३५ डॉलर होती, १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ आणि कागदावर ६७५ झाली. पाठवायच्या आधी यांनी भरलेला फॉर्म मी फक्त नावं बघायला म्हणून मॅडमना दाखवला तर त्यांनी एक चूक पकडली. आपल्या नकलेवर चार-पाच तारखा असतात, अर्ज कधी केला, निकाल कधी, हुकूमनामा कधी तयार झाला, नक्कल कधी मागितली, कधी दिली. यांनी लग्न संपल्याची तारीख म्हणून नक्कल दिल्याची तारीख टाकलेली. निकालाची टाकायला पाहिजे. बारीक गोष्ट आहे, पण दोन फॉर्मवर दोन तारखा पडल्या असत्या तर मुलाखतीत मीच उत्तर देत बसले असते.

भाषांतराचंही तसंच. माझा निकाल मराठीत होता, इंग्रजी करून घ्यायला लागलं, खाली भाषांतर करणाऱ्याची सही की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे. ऑफिसनं ज्यांच्याकडं पाठवलं त्यांनी 'हुकूमनामा'चं भाषांतर 'डिव्होर्स डीड' केलं. मॅडमनी वाचलं आणि लगेच परत पाठवलं, म्हणाल्या डीड म्हणजे तोच स्टॅम्प पेपर, आपलं ते नाहीये हे सिद्ध करायलाच आपण इतकं केलं. डिक्री लिहा. इतकं लक्ष घालून वाचणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

ऑफिसमध्ये वाट बघताना किती जणांच्या गोष्टी ऐकल्या. वसईची एक ताई होती, तिच्याकडं चर्चच्या ट्रिब्युनलनं लग्न रद्द केल्याचा कागद होता आणि कॅनडात नवीन नवरा वाट बघत होता. तिलाही तेच, चर्चनं सोडवलं तरी कायद्यानं सुटायला कोर्टाची डिक्री लागतेच, सुप्रीम कोर्टानं २०१७ लाही परत तेच सांगितलं. तिच्या पर्समधला कागद आणि माझा लॅमिनेट कागद, दोन्ही आम्ही शेजारीशेजारी धरून बसलो होतो. कुणीच कुणाला फसवलेलं नव्हतं, आपल्या माणसांनी आपल्या परीनं सोडवलेलं होतं, पण त्या सोडवण्याला सरकारदरबारी किंमत नव्हती.

मंजुरी २०२५ च्या फेब्रुवारीत आली, मग १२० आणि ३२५ डॉलर अशा दोन फिया, डीएस-२६०, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल. ऑगस्टमध्ये मुंबईला बीकेसीत अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत. काचेपलीकडच्या बाईंनी शपथ घ्यायला लावली आणि चौथा की पाचवा प्रश्न हाच, तुमचं पहिलं लग्न कसं संपलं, तुम्ही दोघं कोर्टात हजर होता का? मी म्हटलं हो, दोघंही होतो. नक्कल आत सरकवली. त्यांनी डिक्रीची तारीख बघितली, मग लग्नाच्या दाखल्याची, पेनानं कशावर तरी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडं गेल्या. जास्तीत जास्त अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी एक वर्ष लग्न पुढं ढकललं होतं आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

पैशांचं सांगते. संमतीच्या घटस्फोटाचे मॅडमनी सगळे मिळून ४० हजार घेतले, तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी पावती. भाषांतर वेगळं, पानाला ४००. नकलेसाठी कोर्टात जे काय लागलं तेवढंच सांगितलं, वर काही नाही. कन्सल्टंटला काही न करता दिलेले २५ हजार आठवले की हे ४० स्वस्त वाटतात.

अर्धा स्टार कशासाठी कापला तर ऑफिसचा फोन. दुपारनंतर कुणी उचलतच नाही, व्हॉट्सॲपला दोन दोन दिवसांनी उत्तर. अपॉइंटमेंट अकराची दिली तर एक धरून चाला, आणि बाहेरगावाहून येणाऱ्याला हे फार जड जातं, माझ्या तर प्रत्येक वेळी पूर्ण दिवसाची रजा जायची. बसायला बाक कमी, म्हाताऱ्या माणसांना जिना चढायला लागतो, लिफ्ट नाही. एकदा कारकून काकांनी चुकीची तारीख सांगितली आणि आम्ही कराडहून उगाच येऊन गेलो, मॅडमनी स्वतः माफी मागितली पण दिवस गेला तो गेलाच. हे सुधारलं तर पूर्ण पाच देईन.

जाताना डिक्रीच्या दोन तरी सर्टिफाइड नकला जास्तीच्या काढून ठेवा, मी तीन काढल्या, एक सांगलीला सासूबाईंकडं ठेवलीय. आणि फारकतीचा लॅमिनेट कागद घेऊन जायला लाजू नका, मॅडम रागावत नाहीत.

अजून एक, हे यांच्या तिकडच्या वकिलांनी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत उतरलं तर दोन वर्षांचंच ग्रीन कार्ड मिळतं आणि मग परत एक अर्ज करून लग्न खरं असल्याचं दाखवायला लागतं. दोन वर्षं उलटल्यावर उतरलं तर दहा वर्षांचं. माझ्या व्हिसाची मुदत जानेवारीपर्यंत आहे, लग्नाला दोन वर्षं १३ डिसेंबरला होतात. तिकीट २० डिसेंबरचं काढलंय. तोवर सहामाहीचे पेपर तपासून होतील आणि आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही.